तेवढं प्रकरण काढून टाका

बडोद्यात मी काय काम करते हे लोकांना समजावून सांगणं हा माझ्या डोक्याला कायमचा ताप आहे. 'पुस्तकांचं संपादन करते' म्हटलं की समोरचा विचारतो, म्हणजे शुद्धलेखन तपासता का? तेवढंच नाही म्हटलं, तर विचारतो, मग छापता का? तेही नाही म्हटल्यावर तो माझ्याकडे जरा कीव आल्यासारखा बघतो आणि विषय बदलतो. एका लग्नात एका बाईंनी आपल्या नणंदेशी माझी ओळख करून देताना सांगितलं, "या ने, घरी बसून लोकांची पुस्तकं दुरुस्त करतात." मिक्सर दुरुस्त करतात तशी. मी जिलेबी खाल्ली आणि गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, पण जिलेबी चांगली होती.

आधी मी मराठी शाळेत शिकवत होते. वर्गातली मुलं कमी कमी होत गेली, मराठी घरांतले आईबापही पोरांना गुजराती नाहीतर इंग्रजी शाळेत घालू लागले, आणि एका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर आमचे मराठी वर्ग उघडलेच नाहीत. मला म्हणाले, तुम्ही गुजरातीतून शिकवा. शिकवता आलं असतं. बडोद्यात वाढलेल्या माणसाला गुजराती वेगळी शिकावी लागत नाही, ती भाजीवालीबरोबर घरात येते. पण माझं डोकं फिरलं होतं. ज्या कामासाठी घेतलं ते काम काढून घेता आणि वर उपकार केल्यासारखं दुसरं देता, असं मी सगळ्यांसमोर बोलले आणि घरी आले. घरच्यांनी मला वेड्यात काढलं. त्यानंतर मी पुस्तकं करायला लागले.

लेखक कोण, तर इथलीच माणसं. रिफायनरीतून निवृत्त झालेले इंजिनियर मुलाकडे अमेरिकेला जाऊन येतात आणि तिथल्या रस्त्यांवर पुस्तक लिहितात. रेल्वेतले गार्ड कविता लिहितात, आणि त्या कधी कधी खरोखर चांगल्या असतात. जुन्या राजवटीत ज्यांचे पणजोबा कोणी हुद्देदार होते ते कुलवृत्तान्त काढतात. हा कुलवृत्तान्त म्हणजे माझा खास शत्रू. त्यात चार पिढ्यांतल्या पुरुषांच्या पगड्या, बदल्या आणि बढत्या असतात, आणि बायकांना एकेक ओळ, की हिचं माहेर अमुक गावचं. एका गृहस्थांना मी विचारलं, "या तुमच्या आजींनी काय केलं?" ते गोंधळले. "काय केलं म्हणजे? त्या घरातच होत्या ना." मी म्हटलं, घरात राहून अकरा मुलं वाढवली हे तुम्हीच मागच्या पानावर लिहिलंय. त्यांनी ते पुस्तक दुसऱ्याकडे नेलं.

माझी कामाची एकच पद्धत आहे. हस्तलिखित हाती आलं की लेखकाला समोर बसवायचं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचायचं. वाचायचं मी, ऐकायचं त्यांनी. आपलं लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणूस जिथे चुळबुळ करतो, खिडकीबाहेर बघतो, उगाच पाणी मागतो, तिथे मी पेन्सिलीने बारीक खूण करते. बहुतेक वेळा तिथे काहीतरी खोटं असतं, नाहीतर अर्धवट सोडलेलं असतं. यात दिवसच्या दिवस जातात. माझा घसा बसतो. पण नुसतं कागदावर खुणा करून परत पाठवायला मला जमत नाही.

आणि एक नियम आहे. लेखकाला पटल्याशिवाय मी एक शब्द काढत नाही. लेखक सोडून दुसऱ्या कोणी सांगितलं, मग तो नवरा असो, मुलगा असो, की प्रस्तावना लिहिणारा कोणी मोठा माणूस असो, तर मी स्वल्पविरामही हलवत नाही. या नियमापायी माझी बरीच कामं गेली. गेली तर गेली. पण एकदा तो नियम पुरता पणाला लागला, ती गोष्ट मला सांगायची आहे.

एका गृहस्थांचा फोन आला. मोठ्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर होते, पन्नाशीचे, बोलणं अतिशय सभ्य. त्यांच्या आईचं सहस्रचंद्रदर्शन करायचं होतं. माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या की, म्हणजे एक्क्याऐंशीव्या वर्षाच्या सुमारास, आपल्याकडे हा सोहळा करतात. विधवा बाईचा असा सोहळा फारसा कोणी करत नाही. यांनी तो करायचा ठरवला होता, आणि हे त्यांचं मोठेपण मी आजही मान्य करते. आईने आठवणी लिहून ठेवल्या होत्या. त्यांचं छोटं देखणं पुस्तक करायचं आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात पेढ्यांच्या डब्याबरोबर द्यायचं, असा बेत होता.

"तुम्ही जरा हात फिरवा, ताई," ते म्हणाले. "आई चौथीपर्यंत शिकली आहे. फार अपेक्षा नाही."

फार अपेक्षा नाही, हे ऐकून मी लगेच हो म्हटलं. माझ्या अपेक्षा मी ठरवीन ना.

आई जुन्या शहरातल्या घडियाळी पोळीत, म्हणजे त्या नावाच्या दाट वस्तीच्या गल्लीत, जुन्या घरात एकट्या राहत. मुलाचा अलकापुरीत बंगला होता, पण त्या तिकडे जायला तयार नव्हत्या. मी गेले तेव्हा त्या ओट्यावर बसून समोरच्या बांगड्यांच्या दुकानदाराशी गुजरातीतून भांडत होत्या, त्याने स्कूटर दारात आडवी लावली होती म्हणून. भांडण जिंकूनच त्या उठल्या. ठेंगण्या, काटक, पांढऱ्या केसांची सुपारीएवढी गाठ. मी त्यांना काकू म्हणायला लागले. त्यांनी फुलस्केप कागदांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला.

"वाच. मला चष्मा लावून कंटाळा येतो. आणि ऐक ने, मधे मधे छान छान म्हणायचं नाही. मला खोटं लगेच कळतं."

मला ती बाई तिथल्या तिथे आवडली.

रोज दुपारी मी कारेलीबागेतल्या माझ्या घरून रिक्षाने जायची आणि वाचायची. माहेरचं घर, लग्न, सासऱ्यांचा दरारा. सासरे जुन्या राजवटीत मोठ्या हुद्द्यावर होते. संस्थान गेलं, हुद्दा गेला, पण घरातलं बोलणं चालणं तसंच राहिलं. काकूंचं लिहिणं सरळ होतं. वाक्यं आखूड, आणि कुठे रडारड नाही. ऐकताना त्या हलायच्या नाहीत, चुळबुळ नाही, पाणी नाही. माझी पेन्सिल नुसती पडून राहायची. इतक्या वर्षांत असं पुस्तक माझ्या हाती आलं नव्हतं.

मग नववं प्रकरण आलं. त्यांच्या यजमानांची नोकरी गेली होती. काहीतरी तापटपणा नडला असावा, काकूंनी त्यावर दोनच ओळी लिहिल्या होत्या. ते घरी बसले, आणि दुसरीकडे कुठे कारकुनी करायला त्यांचं मन घेईना. दोन मुलं, अंथरुणाला खिळलेले सासरे. तेव्हा काकू शहराबाहेर नंदेसरीला रंगाच्या कारखान्यात पॅकिंगच्या कामावर जायला लागल्या. रंगाची पूड डब्यांत भरायची, झाकणं ठोकायची, लेबलं चिकटवायची. ज्या रंगाचं काम असेल त्या रंगाचे हात. लिंबू लावा, बेसन लावा, रॉकेल लावा, नखांच्या कडेचा रंग जात नसे. पोळीत कळता कामा नये, म्हणून सासऱ्यांनी अंथरुणात पडल्या पडल्या ठरवलं की सूनबाई एका बालमंदिरात शिकवायला जाते असं सांगायचं. कोणी हातांबद्दल विचारलंच तर काकू सांगायच्या, आज पोरांची चित्रकला होती.

हे वाचताना मला हसू आलं आणि मी मधेच थांबले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं. "पाणी पी नि पुढे वाच."

पुढे वाचलं. एका पानाच्या तळाशी असं होतं: 'त्या दिवशी माझ्या थोरल्याने मला ओळख दाखवली नाही. न्यायमंदिरापाशी मी कारखान्याच्या बसमधून उतरले तेव्हा तो मित्रांबरोबर शेंगा खात उभा होता. एका पोराने विचारलं, ती बाई तुझ्याकडे का बघते रे? तो म्हणाला, मला काय माहीत. आणि त्याने पाठ फिरवली.'

मी पान उलटलं. 'त्याने बरोबर केलं. कामावर जायच्या पहिल्या दिवशी मीच त्याला देवासमोर उभं करून बजावलं होतं, की मी रस्त्यात दिसले तर हाक मारायची नाही, ओळख दाखवायची नाही, कोणी विचारलं तर माहीत नाही म्हणायचं. एवढंसं पोर, पण त्याने माझा शब्द पाळला. घरी आल्यावर मी त्याला शाबास म्हणाले आणि हातावर गुळाचा खडा ठेवला. मग मोरीचं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून मी न्यायमंदिराला उतरायचं सोडलं. बस शेवटी जाते तिथवर, पाणीगेटपर्यंत जायचे आणि मांडवीवरून चालत घरी यायचे. पुन्हा त्याच्यावर ती पाळी नको. शिकवलं मी आणि सोसायचं त्याने, हे काही बरोबर नव्हतं.'

मी कागद खाली ठेवले. छान म्हणायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून म्हटलं नाही.

"यातलं काही काढायचं का?" मी विचारलं. तो माझा नेहमीचा प्रश्न आहे.

"काय काढायचं? अजून जुनी माणसं मला 'बालमंदिरातल्या वहिनी' म्हणतात. मुलाच्या लग्नात तर एका विहीणबाईंनी भाषण केलं, की यांनी किती चिमण्यांना अक्षरं शिकवली. मी एका चिमणीला अक्षर शिकवलेलं नाही. मी डबे भरले. हे घर त्या डब्यांवर चाललं. मला बालमंदिरातली बाई म्हणून मरायचं नाही, बराबर?"

बराबर, मी म्हटलं. प्रकरणात एक अक्षर बदललं नाही आणि मजकूर टाईप करायला दिला.

टाईप झालेली प्रत मुलाकडे गेली आणि चार दिवसांनी फोन आला. आवाज तसाच सभ्य, पण त्यात आता साहेब आला होता.

"ताई, पुस्तक सुंदर झालंय. फक्त नववं, तेवढं प्रकरण काढून टाका."

"काकूंना विचारलंत?"

"आईला काय विचारायचं? तिचं वय झालंय. सोहळ्याला कोण कोण येणार आहे तुम्हाला कल्पना नाही. माझे वरिष्ठ येतील, सासरची माणसं येतील. आमच्या घराण्याला एक नाव आहे."

"त्या घराण्याला त्या वर्षांत जेवण कोणी घातलं ते त्या प्रकरणात आहे."

"पुस्तक आम्ही काढतोय, ताई."

"काढा ना. पण लिहिलंय त्यांनी. लेखकाने सांगितलं तर मी अख्खं पुस्तक फाडून टाकीन. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही."

त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, हेही काम गेलं. आणि या वेळी मला ते जाऊ द्यायचं नव्हतं. एरवी मी हात झटकून मोकळी होते. इथे काम गेलं असतं तर काकूंचं ते प्रकरण माझ्याकडच्या फुलस्केप कागदांवर राहिलं असतं आणि सोहळ्याला आलेल्या साऱ्या मंडळींनी पेढ्यांबरोबर बालमंदिर घरी नेलं असतं. नुसत्या कल्पनेने माझ्या अंगाची आग झाली.

दोन दिवसांनी टाईप करणाऱ्या गुजराती भाईंचा फोन. माझी सगळी पुस्तकं तेच लावायचे. मराठी समजत नव्हतं, पण अक्षर न् अक्षर बरोबर लावायचे.

"बेन, पेला भाई आव्या'ता. कहे छे, नवमुं प्रकरण काढी नाखो. हुं तो तमने पूछ्या वगर अडकुं नहीं."

म्हणजे साहेब मला वगळून थेट त्यांच्याकडे पोचले होते, आणि भाई मला विचारल्याशिवाय हात लावायला तयार नव्हते. मी त्यांना म्हटलं, अडकशो ज नहीं. हात लावायचाच नाही. मग रिक्षा पकडली आणि तडक घडियाळी पोळ गाठली.

काकू तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी तोंडाला येईल ते बोलले. तुमचा मुलगा असा, तुमचा मुलगा तसा, घराण्याचं नाव, वरिष्ठ, सासरची माणसं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्या मुलाला नावं ठेवायची असतील तर मी ठेवीन. तू नको." मी पुढ्यातली एक शेंग उचलली. "त्याने ते प्रकरण वाचलंय का पुरतं?"

"वाचलं म्हणूनच काढा म्हणतायत ना."

"मला नाही वाटत. तो लहानपणीही धडा अर्धा वाचायचा नि झालं म्हणायचा. रविवारी बोलावते. तू ये आणि त्याला वाचून दाखव, मला दाखवलंस तसं."

माझ्या मनात धाकधूक होती, पण मी हो म्हटलं. लेखिकेने सांगितलं होतं.

त्याआधी मात्र साहेबच माझ्या घरी आले. दारात उभे, घाम पुसत. बसा म्हटलं तर कडेला टेकले. मी चहा टाकला. मला भांडायचंच होतं, पण चहा टाकल्यावर भांडता येत नाही, निदान तो पिऊन होईपर्यंत. त्यांनीच सुरुवात केली.

"ताई, घराण्याचं वगैरे सोडा. कारखान्याचं राहू दे. हवं तर सगळं राहू दे. फक्त ते एक पान काढा. न्यायमंदिराचं."

"तेच पान का?" मी विचारलं.

"माझी मुलं वाचणार ते. आपल्या बापाने आजीला रस्त्यात ओळख दाखवली नाही, हे त्यांनी वाचायचं? मी चाळीस वर्षं ते घेऊन फिरतोय. मला वाटायचं, तिला ऐकू गेलं नसेल. किंवा विसरली असेल. आणि तिने ते लिहून ठेवलंय, मी पैसे देऊन छापायचं आणि लोकांच्या हातात द्यायचं." त्यांचा आवाज चिरकला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. "पान उलटून पुढचं वाचलंत?"

"पुढे काय वाचायचं? तिथे आल्यावर मी बंद केलं. पुढचं मला सगळं माहीत आहे."

मला इतका राग आला की काय सांगू. त्याच वेळी त्या माणसाची दयाही आली, आणि दया आल्याचा परत राग आला. एका पानाच्या तळाशी थांबून हा माणूस आईचं अख्खं आयुष्य खोडायला निघाला होता. पुढे काय आहे ते सांगणं माझ्या हातात होतं. एका वाक्याचं काम. पण मी सांगितलं नाही. ते माझ्या तोंडचं वाक्य नव्हतं. दुसऱ्याच्या पुस्तकाचा सारांश सांगून माणसांची समजूत घालणं हे माझं काम नाही, आणि ज्याने वाचायचे कष्ट घेतले नाहीत त्याला आयतं का द्यायचं?

"रविवारी या," मी म्हटलं. "पूर्ण ऐका. त्यानंतर काकू काढा म्हणाल्या तर मी त्याच क्षणी काढीन."

"आणि तिने नाही म्हटलं तर?"

"तर ते राहील. तुम्ही पुस्तक केलं नाहीत तर मी करीन. हात जोडून कोणाकडे मागायला लागलं तरी चालेल." हे मी बोलून गेले आणि मग लक्षात आलं, की खरंच करीन.

रविवारी ते आले. एकटेच. जुन्या घराच्या पुढच्या खोलीत झोपाळ्यावर काकू, समोर खुर्चीवर ते, आणि मी खाली सतरंजीवर, हातात कागद. मी प्रकरण सुरुवातीपासून वाचायला घेतलं. बापाच्या नोकरीचं आलं तसे ते म्हणाले, "ताई, हे मला माहीत आहे, तुम्ही पुढे..." 

"मधे बोलायचं नाही," काकू म्हणाल्या. पन्नाशीचा साहेब खुर्चीत सरळ बसला.

रंगाची पूड आली, बेसन आणि रॉकेल आलं. चित्रकलेच्या तासाचं आलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं आणि गेलं. न्यायमंदिर आलं. मी माझा आवाज बदलला नाही, सावकाश वगैरे काही केलं नाही. शेंगा, मित्र, मला काय माहीत, पाठ फिरवली. ते उठले. पाणी प्यायला आत जायला निघाले. मी त्यांच्याकडे न बघता पान उलटलं आणि वाचत राहिले, जरा मोठ्याने, म्हणजे आतही ऐकू जाईल असं. हा हट्टीपणा होता. मला त्याची मुळीच लाज वाटत नाही.

'त्याने बरोबर केलं,' मी वाचलं, आणि ते दारातच थांबले. पाठमोरे. देवासमोर बजावलेलं, पाळलेला शब्द, गुळाचा खडा, मोरी, पाणीगेट, मांडवीवरून चालत. प्रकरण संपेपर्यंत ते तसेच चौकटीला हात लावून उभे होते. मी कागद खाली ठेवले. बाहेर बांगड्यांच्या दुकानात कोणीतरी भाव करत होतं, ते स्पष्ट ऐकू येत होतं.

ते वळले. डोळे लाल झालेले. "तू मला सांगितलं होतंस? देवासमोर?"

"सांगितलं होतं."

"मला आठवत नाही. गूळ आठवतो. कशाबद्दल दिलास ते नाही." ते आईच्या शेजारी झोपाळ्यावर बसले. "रोज पाणीगेटहून चालत यायचीस?"

"मग काय उडत येणार?"

ते हसले आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागले. एवढा मोठा माणूस असा हुंदके देऊन रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. काकूंनी त्यांना जवळ घेतलं नाही, डोक्यावरून हातही फिरवला नाही. नुसत्या त्यांच्या बाजूला बसून पायाने झोपाळा हलकेच हलवत राहिल्या. मी कागद गोळा करण्याचं निमित्त केलं. माझेही डोळे भरले होते, आणि ते कोणी बघू नये असं मला वाटत होतं.

थोड्या वेळाने त्यांनी रुमाल काढला, नाक पुसलं. म्हणाले, "राहू दे. सगळं राहू दे. छापा." मी मान हलवली. मग ते आईकडे वळले. "पण आई, एक वाक्य घालशील? एकच. की मी त्या रात्री जेवलो नव्हतो. मला इतकं वाईट वाटलं होतं, की मी पोट दुखतं म्हणून सांगितलं आणि जेवलोच नाही. एवढं तरी लिही."

मला वाटलं, काकू हो म्हणतील. कुठलीही आई म्हणाली असती. खरं सांगायचं तर त्या घटकेला मी स्वतःही ते वाक्य घालून दिलं असतं. पेन्सिल माझ्या हातातच होती.

काकूंनी झोपाळा थांबवला.

"तू त्यापायी जेवला नव्हतास हे मला ठाऊक नव्हतं रे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, खरंच पोट दुखतंय. मी ओवा दिला. मला जे ठाऊक होतं ते मी लिहिलं. हे माझं पुस्तक आहे, त्यात तुझी वाक्यं कशी घालू? तुला सांगायचंय ने, तर तुझं तू लिही. पहिल्यापासून लिही. ही बाई आहेच वाचायला."